मुसैबचं डनेज

११ जानेवारी २०२३
स्पेन

प्यारी बुशराआपा,
अस्सलामु अलैकुम.

फोनवर पाच मिनिटं मिळतात आणि ती अम्मीचं रडणं थांबवण्यात जातात, म्हणून हे कागदावर. शाळेत मुलांचे पेपर तपासतेस तसं हे पत्र तपास. एक ओळ सोडू नकोस.

शिक्षा सात वर्षांची झाली. अम्मीला मी तीन सांगितली हायत. तूही तीनच सांग.

पण मी रडगाणं गायला बसलो नाय. निकाल लागल्यावर वकीलबाईंनी सगळी फाईल मला दिली. माझ्या खोलीत एक कोलंबियाचा म्हातारा हाय. त्याला घेऊन मी रोज दोन-दोन पानं वाचतो. दीड वर्षात स्पॅनिश बरीच आली, पण कोर्टाची स्पॅनिश वेगळी. परवा अर्शदभाईंच्या जबानीचं पान निघालं. वर त्यांच्या हातचं इंग्रजी, खाली स्पॅनिश.

तुला माहीत हाय, दीड वर्ष मला एकच गोष्ट सांगत आलेत, की तुझ्या बोसननेच जबानी दिली, कोकेनची पाकिटं तुझ्या पिशवीत होती. घरी जो माणूस तुझा नवरा, माझा दुलाभाई, जहाजावर जो आमचा बोसन, खलाशांचा मुकादम, ज्याने मला बोट धरून दर्यावर नेलं, तो असं बोलेल? मी म्हणायचो, पोलीस खोटं सांगतात. रात्री मात्र वाटायचं, बोलला असेल तर? कॅप्टनने दम दिला असेल तर?

आपा, ते बोललेच नायत. इंग्रजीत त्यांनी लिहिलंय, अकरा पाकिटं मुसैबच्या 'डनेज'मध्ये मिळाली. डनेज म्हणजे जहाजात मालाखाली घालतात त्या फळ्या. आम्ही ब्राझीलवरून लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या आणल्या होत्या. त्यांच्याखाली सगळीकडे फळ्याच फळ्या. दोन नंबरच्या होल्डमधल्या, म्हणजे मालाच्या तळघरातल्या, फळ्या माझ्याकडे होत्या, म्हणून 'मुसैबच्या'. आणि खाली स्पॅनिशमध्ये काय केलंय? 'पेताते'. म्हाताऱ्याला विचारलं, पेताते काय? त्याने खाटेखालची माझी पिशवी काढून दाखवली. खलाशाचं गाठोडं!

एका शब्दासाठी सात वर्षं. मी हसलो, आपा. म्हातारा घाबरला.

अपील टाकलेलं हाय, सुनावणी सप्टेंबरात. तू इंग्रजी शिकवतेस. मोठ्या कोशात हा शब्द बघ, पानाची नक्कल पाठव. आणि अर्शदभाई रजेवर घरी हायत ना? त्यांच्याकडून एक ओळ लिहून घे, की मी फळ्या म्हटलं होतं. त्यांना माझा सलाम सांग. म्हणावं, मनातल्या मनात मी तुमच्यावर शक घेतला, माफी असावी.

तुझा मुसैब


८ फेब्रुवारी २०२३
महाड

प्रिय मुसैब,
वालेकुम अस्सलाम.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. रविवारी पोलादपूरला जाऊन अम्मीलाही वाचून दाखवलं, सातचे तीन करून. ती म्हणाली, "बघ, मी सांगत होते ना, माझा पोर तसा नाय." मग शेजारपाजारी सांगत सुटली.

शाळेतल्या कोशात तो शब्द नाही. म्हणून त्या रविवारी पोलादपूरहूनच आपल्या इंग्रजीच्या अश्वजित सरांकडे गेले. आंबेनळीच्या रस्त्याला लागताना त्यांचं घर, तुला आठवत असेल. दहावीला तुला इंग्रजीत बेचाळीस पडले तेव्हा त्यांनी ओट्यावर बसवून पेढा दिला होता. आता ऐकायला कमी येतं, पण कोश मांडीवर घेतला की तेच जुने सर. भिंग लावून त्यांनी शब्द काढला आणि मला म्हणाले, "बुशरा, याला दोन अर्थ आहेत. जहाजात माल हलू नये, भिजू नये म्हणून खाली घालायची लाकडं, चटया, हा पहिला. दुसरा, खलाशाचं स्वतःचं सामान. कपडालत्ता, वळकटी."

मी म्हटलं, "सर, पहिलाच खरा ना?"

"कोशात पहिला खरा आणि दुसरा खोटा असं नसतं, पोरी. ज्याने लिहिलं त्याला विचार. तो तर तुझ्या घरातच आहे."

परत येताना बिरवाडीला उतरले. आपलं छप्पर शाकारायला यायचा तो गणू आता एमआयडीसीतल्या एका गोदामात हमाल आहे. त्याला विचारलं, गणूदादा, डनेज म्हणजे काय हो? तो म्हणाला, "डनेज? रोज उचलतो की आमी. पोत्यांखाली घालायच्या फळ्या त्या, ओल लागू नये म्हून. सायेब वरडत असतात, डनेज लावा, डनेज लावा. मला वाटलं मराठीच शब्द हाय." इतक्या महिन्यांनी मी मोठ्याने हसले. गणूला कळेना, ही बाय का हसते.

अर्शदना जेवताना विचारलं. भाकरी मोडत म्हणाले, "हां, फळ्याच. दुसरं काय?" लिहून द्याल का विचारलं, तर म्हणाले, "कंपनीला विचारावं लागेल. घाई करू नको." देतील रे. कागदाला हात लावायला ते घाबरतात, तुला माहीतच आहे. तुझा सलाम सांगितला. ते उठून हात धुवायला गेले. त्यांनाही भरून आलं असावं.

कोशाच्या पानाची नक्कल सोबत आहे, सरांची सही घेतली आहे. आलिमाला बारा पुरी होऊन तेरावं लागलं. मामूचं स्पॅनिश ऐकायचंय म्हणते.

तुझी आपा


१४ मार्च २०२३
स्पेन

प्यारी आपा,

नक्कल मिळाली. सरांची सही बघून फार बरं वाटलं. वकीलबाईंना दाखवली. त्यांनी इथल्या लायब्ररीतला जाडा इंग्रजी-स्पॅनिश कोश मागवला. तिथंही तेच. डनेज, एक, 'मादेरा दे एस्तीबा', म्हणजे माल रचायचं लाकूड. दोन, 'एकिपाखे', म्हणजे सामानसुमान; खलाशाचं असलं तर 'पेताते'. बाई म्हणते, कोश तुझ्या बाजूनेही हाय आणि सरकारच्या बाजूनेही. बोलणाऱ्याने स्वतः सांगितलं तरच उपयोग. अर्शदभाईंनी तिथल्या नोटरीसमोर सही करून पाठवलं तर ती अपिलात ते पहिल्या पानावर लावणार हाय.

आणि त्यांना सांग, त्यांच्या अंगावर काय येणार नाय. बाईने मला सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं, मी सांगितलं. तुलाही लिहितो, म्हणजे त्यांना आठवण करून देता येईल.

सकाळची वेळ. क्रेनने गुंडाळ्या उचलून झाल्या होत्या. मी पहारीने फळ्या उकलत होतो. एका जाड फळीखाली चिकटपट्टीने गुंडाळलेलं पाकीट दिसलं. मग दुसरं, तिसरं. हात नाय लावला. अर्शदभाईंना हाक मारली. ते शिडीवरून खाली आले, बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "वर जा. चहा घे. कोणाला काय बोलू नको, कॅप्टनला मी सांगतो." मी वर गेलो. चहा घेतला, बिस्किटंपण खाल्ली. अर्ध्या-पाऊण तासाने बोलावलं. पाकिटं कॅप्टनच्या टेबलावर होती आणि मग बंदराचे पोलीस आले. त्यांनी होल्ड बघितलाच नाय, फळ्या तोवर वर काढून झाल्या होत्या. पाकिटं कुठं होती हे सांगणारे आम्ही दोघंच. मी सांगितलं लाकडात. पण आरोपी ते म्हणणारच. म्हणून सगळा भार त्यांच्या एका ओळीवर.

आता तीच ओळ सरळ करायची हाय, बस. जहाजावर आम्ही फळ्यांना डनेजच म्हणायचो, पिशवीला नाय. कोणाही खलाशाला विचार.

रमजान आठवड्यावर आला. इथं आम्ही नऊ जण रोजे धरणार.

मुसैब


२७ एप्रिल २०२३
महाड

प्रिय मुसैब,

ईद झाली. पत्राला उशीर झाला. अर्शदचा कागद अजून तयार नाही.

तू त्या सकाळचं लिहिलंस त्यात दोन-तीन गोष्टी मला नीट कळल्या नाहीत. तू वर गेल्यावर होल्डमध्ये आणखी कोण होतं? तुझी पिशवी तेव्हा कुठे होती? तिला कुणी हात लावला असता तर तुला कळलं असतं का? नीट आठवून लिही.

अम्मीची तब्येत ठीक आहे. गुडघे दुखतात.

आपा


२४ मे २०२३
स्पेन

आपा,

तुझं पत्र मिळालं. नऊ ओळी. मोजल्या.

मी वर गेल्यावर खाली अर्शदभाई होते. पिशवी माझ्या केबिनमध्ये होती. केबिनला कुलूप नव्हतं. तिला कोणी हात लावला की नाय मला माहीत नाय. हेच प्रश्न पोलिसांनी विचारले. मग सरकारी वकिलाने. मग न्यायाधीशाने. त्याच क्रमाने. आता तू विचारलेस.

जानेवारीत मी तुला लिहिलं की पिशवीत काय नव्हतं, फळ्यांत होतं. फेब्रुवारीत तू हसलीस. एप्रिलमध्ये विचारतेस, पिशवी कुठं होती? म्हणजे मधे कोणीतरी तुझ्या मनात भरवलं. की तुझं तुलाच वाटलं? शिकलेली बाय तू. दोन अर्थ दिसले की तुला दुसऱ्याचाही विचार करावासा वाटणार.

एक सांगतो. कोर्टाने मला चोर म्हटलं तेव्हा मी त्या रात्री झोपलो होतो. तुझं पत्र आल्यापासून झोपलो नाय.

कागद जमला तर पाठव. नाय जमला तर राहू दे. मी पुन्हा मागणार नाय. अम्मीला फोनपण सध्या करणार नाय. तिच्याशी काय बोलू?

मुसैब


२५ जून २०२३
पोलादपूर

माझ्या मुसैब,

वरचा पत्ता बघितलास ना? मी अम्मीकडे आले आहे. का ते सांगते. मधेच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझ्यावर मला एक क्षणही संशय आला नाही. मी ते प्रश्न विचारले कारण मला दुसऱ्या कुणावर संशय आला होता, आणि त्याचं नाव लिहायची माझी हिंमत नव्हती.

ईदच्या आठवडाभर आधी आम्ही घर झाडत होतो. सासूबाई खालून म्हणाल्या, "बुशरा, माळ्यावर तुझ्या सासऱ्याचा दन्नेस हाय ना, तो खाली काढ गो. त्यात चादरी हायत." मी वर चढले, पेटी ओढली, आणि तिथेच बसले. तुला माहीत आहे, माझे सासरे रऊफचाचा तीस वर्षं जहाजावर सारंग, म्हणजे बोसनच, होते. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून मी ऐकते आहे, दन्नेस उचल, दन्नेसला कुलूप लाव, अर्शदचा दन्नेस भरला का. मला वाटायचं, अरबीतला कुठला तरी शब्द असेल. चौदा वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला आपल्या घरात रोज बोलला जाणारा इंग्रजी शब्द ओळखता आला नाही.

त्या घरात डनेजला दोन अर्थ नाहीत, मुसैब. एकच आहे. खलाशाची पेटी, पिशवी, त्याचं सामान.

मी दोन महिने गप्प राहिले. स्वतःला समजावत होते, घरी काही म्हणत असतील, जहाजावर ते फळ्यांनाच डनेज म्हणत असतील. तुझं मे महिन्याचं पत्र आलं आणि समजावणं संपलं. रविवारी दुपारी आलिमा क्लासला गेली होती, सासूबाई शेजारी. मी अर्शदसमोर बसले.

"जबानीत तुम्ही फळ्या म्हटलं होतंत की पिशवी?"

"कितीदा विचारशील?"

"माळ्यावरची पेटी काढली मी. बाबांचा दन्नेस."

त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "होल्डचा जिम्मेदार बोसन असतो. फळ्यांत सापडली म्हटलं असतं तर पहिला मी गेलो असतो, मागोमाग डेकवरचे सगळे. कॅप्टन म्हणाला, एक माणूस दे आणि विषय मिटव. त्याच्या सामानात होती म्हटलं की एकटाच जातो."

"आणि तो एक माझा भाऊ?"

"पाकिटं त्यालाच दिसली होती. त्याचं नाव यायचंच होतं. त्याला बायको नाय, पोर नाय. मला तू हायस, आलिमा हाय. मी कोणासाठी केलं?"

मी विचारलं, मग सरळ बॅग का नाही लिहिलंत? हा शब्द कशाला? मुसैब, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हात लिहीना. पेन धरून बसलो. मग बाबांचा शब्द लिहिला. मला माहीत होतं त्याचे दोन मतलब होतात. वाटलं, कोणी नीट वाचलं तर पोरगा सुटेल. अल्लावर सोडलं."

"आणि मग?"

"दुभाषी बाई होती. तिलाही शब्द कळेना. तिने खांद्यावर पिशवी घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, हे? मी मान हलवली."

तर भाषांतर चुकलं नव्हतं. त्या बाईने बरोबर तेच लिहिलं जे तिला सांगितलं गेलं.

मी त्यांना म्हटलं, हे सगळं कागदावर लिहा, सही करा. त्यांनी नकार दिला. मग मी लिहिलं. त्यांनी मला काय सांगितलं, कुठल्या दिवशी, कुठल्या शब्दांत. अश्वजित सरांनी इंग्रजी तपासलं, नोटरीसमोर सही केली. सही करायला निघाले तेव्हा अर्शद दारात उभे होते. म्हणाले, "मला सोडून जा, चालेल. पण हे नको करू. मी पुन्हा जहाजावर चढू शकणार नाय." मी त्यांच्या बाजूने वाट काढून गेले.

वकीलबाईंचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून कागद याच पाकिटात आहे. लगेच त्यांना दे. सप्टेंबरला अजून वेळ आहे.

तुझी आपा


२० जुलै २०२३
स्पेन

आपा,

तुझं पत्र परवा मिळालं. महिन्यापूर्वी, २० जूनला, मी अपील मागं घेतलं.

वकीलबाई नको म्हणत होती. मी म्हटलं, माझी बहीणसुद्धा पिशवी कुठं होती विचारते, तर तुमचा न्यायाधीश काय ऐकणार? अपील मागं घेतलं की शिक्षा पक्की होते. पक्क्या कैद्याला काम मिळतं, आणि परदेशी माणसाला पुढं कधीतरी देशाबाहेर काढून देतात. तेवढंच लवकर. मी सही केली.

आज बाईने तुझा कागद वाचला. डोक्याला हात लावून बसली. बंद झालेला निकाल पुन्हा उघडायचा तर वरच्या कोर्टात जावं लागतं. ते आधी ठरवणार, उघडायचा की नाय. त्यालाच दोन वर्षं लागू शकतात. आणि नुसतं बायकोने नवऱ्याचं ऐकलेलं सांगितलं, तेवढ्यावर ते उघडतील असं तिला वाटत नाय. तरी ती अर्ज करणार हाय.

अर्शदभाईंचं वाचून मला राग यायला हवा होता. आला नाय. अजून आत पोचलंच नाय. राग आला तो तुझ्या दोन महिन्यांचा. माळ्यावर तुला कळलं आणि मला तू लिहिलंस, अम्मीचे गुडघे दुखतात. त्या पत्रात एक ओळ जास्त लिहिली असतीस, "मला तुझ्यावर भरवसा आहे", एवढीच, तर मी सही केली नसती.

हे लिहायला नको होतं. पण पत्र फाडणार नाय.

मुसैब


२७ ऑगस्ट २०२३
पोलादपूर

प्रिय मुसैब,

तू लिहिलंस ते खरं आहे. मी सारवासारव करणार नाही. त्या दोन महिन्यांत मी तुझा विचार करत होते असं मला वाटायचं. खरं तर मी माझं घर वाचवत होते.

ते वाचलं नाही. जमातीतले चार जण आले होते, अम्मीच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले. "घरातलं घरात ठेवायचं असतं, बुशराबाय. पोरगा सात वर्षांनी येईलच की." अम्मी आतून ऐकत होती. तोपर्यंत तिला तीनच माहीत होती. ती बाहेर आली, एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "किती?" मीच सांगितलं. तिने त्यांच्यासाठी केलेला चहा परत आत नेला.

अर्शद पंधरा तारखेला जहाजावर गेले. कुठल्या, ते मला सांगितलं नाही. युरोपला जाणाऱ्या जहाजावर ते चढणार नाहीत, एवढं सासूबाई म्हणाल्या. आलिमा महाडलाच आहे, दादीजवळ. मी रोज शाळेसाठी एसटीने महाडला जाते, सुटल्यावर तिच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहते. पहिले काही दिवस ती मैत्रिणींच्या आडून निघून जायची. गेल्या मंगळवारी जवळ आली आणि म्हणाली, "तू बाबांचं नाव कागदावर लिहिलंस." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मामूचं बाबांनी लिहिलं, म्हणून तू बाबांचं लिहिलंस. आता माझं कोण लिहिणार?" ती निघून गेली.

तू अम्मीला फोन कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. रविवारी सकाळी मी अश्वजित सरांकडे जाऊन बसत जाईन, म्हणजे ती एकटी असेल आणि मोकळं बोलेल.

बुशरा


१० डिसेंबर २०२३
स्पेन

आपा,

अम्मी म्हणाली, रविवारी तू घरात थांबत नायस. थांबत जा. थंडीत कुठं जाऊन बसतेस?

एक गोष्ट झाली, ती सांगतो. मी आता इथं धुलाईखान्यात काम करतो. स्पॅनिश बरी येते म्हणून नवीन आलेल्या माणसांना मदतीला कधीकधी मलाच बोलावतात. गेल्या महिन्यात घानाचा एक खलाशी आला. त्याचा वकील आला, बरोबर दुभाषी बाई. मी तिला दारातच ओळखलं. तीच. मोरोक्कोकडची, चष्मेवाली, माझ्या कोर्टातही तीच होती.

काम संपल्यावर मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि स्पॅनिशमध्ये म्हटलं, बाई, डनेज. तिने ओळखलं नाय. मग मी खांद्यावर पिशवी घेतल्यासारखं केलं. ती खाली बसली.

तिला सगळं आठवत होतं. म्हणाली, "तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. म्हणून त्या माणसाला दोनदा विचारलं. चूक होऊ नये म्हणून." तुझं पत्र वाचल्यापासून मला एकदाच हलवलेली मान माहीत होती. मी विचारलं, दोनदा? ती म्हणाली, "पहिल्यांदा त्याने मान हलवली, पण खाली बघून. तू पोलिसांना लाकडात म्हणाला होतास, म्हणून मला शंका आली. मी म्हटलं, लाकूडबिकूड काही नाही ना, पिशवीच ना? तेव्हा तो रडायला लागला. मला वाटलं, आपल्या माणसाने असं केलं म्हणून रडतोय. मी त्याला पाणी दिलं."

तिने हे सगळं लिहून दिलंय. पोलिसांच्या समोर तिने 'लाकूड' हा शब्द उच्चारला होता, हे आता कागदावर आलं. वकीलबाई म्हणते, आधी शंभरात पाच होतं, आता पंचवीस म्हण. अर्ज गेला. बघू. आत्ताच माझी अडीच वर्षं होत आली.

तो रडला हे मी तुला कळवणार नव्हतो. आठ दिवस हे पत्र अर्धं ठेवलं होतं. कारण मी तुला ओळखतो. तुझं मन पाघळेल. म्हणशील, माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. म्हणशील, आत कुठंतरी त्यालाही लागलं होतं. आणि आलिमा फाटकातून निघून जाते ते तुला रोज बघावं लागतंय.

आलिमासाठी परत त्या घरात गेलीस तर मी एक शब्द बोलणार नाय. पोरगी तुझी हाय. पण तो रडला म्हणून जाऊ नकोस, आपा. मी त्या बाईला शेवटी विचारलं, रडला, मग पुढं काय केलं?

ती म्हणाली, "पाणी प्याला. डोळे पुसले. आणि माझ्याकडे बघून मान हलवली."

मुसैब